नवीन आलेल्या मुलांशी चार शब्द
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा नोकरीसाठी भिलाईला आलेल्या मुलामुलींशी बोलावे, असे मंडळाने मला सांगितले. मी १९८४ साली दुर्ग स्टेशनवर उतरलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. गाव साताऱ्याजवळचे. तोवर पाहिलेला सर्वांत मोठा कारखाना म्हणजे साखरेचा!

पहिल्याच आठवड्यात आम्हाला ब्लास्ट फर्नेसवर नेले. भट्टीचे तोंड फोडले आणि चौदाशे-पंधराशे अंशाचे लोखंड नाल्यातून वाहू लागले. उजेड, धूर, आणि आवाज असा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. होस्टेलमधला माझा खोलीसोबती नवव्या दिवशी ट्रंक उचलून गावी परतला. तो भित्रा होता असे मला तेव्हाही वाटले नाही. त्याला कोणी विचारलेच नव्हते, एवढेच.

मला विचारणारे एक छत्तीसगढी फोरमन भेटले. धीराच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत. टेरिलिनचा शर्ट काढून सुती घालायला लावला. ठिणगी पडली की टेरिलिन वितळून कातडीला चिकटते. निळ्या काचेतून भट्टीत बघायला शिकवले. भट्टीच्या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून तिथे एकट्याने जायचे नाही, हे तर रोज घोकून घेतले. धोक्याचे काय आणि नुसतेच आवाजाचे काय, हे कळू लागले तेव्हा कुठे मला झोप लागू लागली. मुलांनो, विचारायला लाजू नका.

भाषेची गंमत आणखी वेगळी. एका साहेबांनी विचारले, 'आपकी शिक्षा कहाँ हुई?' मी हादरलोच. मला वाटले, तुरुंगाचे विचारताहेत! उन्हाळ्यात फोरमनच्या घरी 'बासी' मिळे: रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा-मिरची. आपण ज्याला शिळे म्हणतो, त्याच्याइतके मे महिन्यात पोटाला थंड दुसरे काही नाही.

आता मोबाईलवर आईशी रोज बोलता येते. तरी सुटीच्या संध्याकाळी ही मुले गप्प बसलेली दिसतात. म्हणून जुन्या मंडळींना विनंती, 'या कधीतरी घरी' असे म्हणू नका. वार आणि वेळ सांगा. माझ्यापुरते सांगतो : येता रविवार, दुपारी साडेबारा, वरण-भात आणि भरली वांगी. येणाऱ्यांनी आरतीनंतर सौ.कडे नावे द्यावीत, म्हणजे पोळ्यांचा अंदाज येईल.