गाडीतले यंत्र आणि गाडीवरचा माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिलेला विषय असा आहे : मोटारगाडीत सुरक्षिततेची यंत्रे बसवण्याची सक्ती सरकारने करावी, की अपघात टाळण्याची जबाबदारी गाडी चालवणाऱ्या माणसावरच ठेवावी? एखाद्या विद्वानाला बोलावले असते तर त्याने दोन्ही बाजूंची पुस्तके आपल्यापुढे मांडली असती. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या फाटकांवर, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि रात्री वाचनालयाच्या टेबलावर. तेव्हा मला जी जागा चांगली ठाऊक आहे तेथून मी सुरुवात करतो. ती जागा रस्ता नव्हे; ती कारखान्यातली प्रेस मशीन आहे.

पत्रा ठोकणारी ही मशीन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. हाताने पत्रा आत सारायचा आणि पायाने पेडल दाबायचे. हात मागे घ्यायला निमिषभर उशीर झाला की बोट गेले. म्हणून तिला गार्ड असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने धोक्याच्या यंत्राला असे कुंपण घालण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती. परंतु १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात दुसरी एक ओळ होती. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला असेल, तर मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व एवढे सोडून इतर इजेची भरपाई देण्यास मालक बांधील नाही. बोट जाणे हे या ‘इतर’मध्ये येते. त्यामुळे बोट गेलेला कामगार आमच्याकडे आला की समोरच्या वकिलाचे पहिले वाक्य ठरलेले असे : गार्ड यानेच काढला होता.

आणि मंडळी, पुष्कळदा त्यानेच काढलेला असे! पण का काढला, हे कोणी विचारत नसे. मजुरी नगावर होती. गार्ड लावून काम केले तर संध्याकाळपर्यंत नग पुरे होत नसत. नग पुरे झाले नाहीत तर पगार पुरा नाही आणि पुढच्या आठवड्यात बोलावणेही नाही. कित्येक ठिकाणी सुपरवायझर स्वतः पाना आणून देई आणि मग तोंड दुसरीकडे वळवी. आता सांगा, येथे यंत्र कमी पडले की माणूस कमी पडला? गार्ड हवा होता, कामगाराने सावध असायलाही हवे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु गार्ड निघाला तो नगाच्या दरामुळे, आणि तो दर ज्याने ठरवला तो माणूस खटल्याच्या कागदांत कोठेच दिसत नसे.

हा तिसरा माणूस ध्यानात ठेवून आता आपण रस्त्यावर येऊ.

यंत्राची सक्ती हा माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे म्हणणारे लोक सगळ्या देशांत आहेत. तीन बिंदूंवर अडकणारा सीटबेल्ट व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. तो बांधण्याची सक्ती पहिल्याने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली केली. अमेरिकेने १९७४ च्या गाड्यांत अशी योजना केली की, पुढच्या सीटवरच्या माणसाने बेल्ट बांधल्याशिवाय इंजिनच सुरू होऊ नये. लोक इतके चिडले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने ती सक्ती कायद्यानेच मोडीत काढली. आता २०२१ साली तिथे पुन्हा कायदा झाला आहे की, दारू प्यालेला चालक ओळखून गाडी आवरणारे तंत्र नव्या गाड्यांत यावे, आणि पुन्हा तोच वाद पेटला आहे. युरोपात २०२४ च्या जुलैपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची आठवण देणारे यंत्र आणि चालकाच्या पेंगण्यावर लक्ष ठेवणारे यंत्र असावे लागते.

आपल्याकडेही सक्ती हळूहळू आली. २०१९ च्या जुलैपासून नव्या मोटारीत चालकापुढची एअरबॅग, बेल्ट न बांधल्यास वाजणारी घंटा आणि ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेल्यास टोकणारा आवाज आला. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१ मध्ये आल्या. सहा एअरबॅगची सक्ती करण्याचा मसुदा २०२२ च्या जानेवारीत निघाला, वर्षभर पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये मंत्रिमहोदयांनीच सांगितले की सक्ती करणार नाही.

या सक्तीच्या बाजूने माझे मत स्वच्छ आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगतो. आपण डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडतो, तेव्हा मोटरमनच्या हाताखाली जो दांडा असतो त्याला ‘डेडमॅन्स हँडल’ म्हणतात. माणसाला भोवळ आली, हात सुटला, की गाडीला आपोआप ब्रेक लागतात. लाल सिग्नल ओलांडला गेला तर गाडी थांबवणारी यंत्रणाही या मार्गावर आहे. यात आपला अपमान झाला असे मोटरमनांनी मानल्याचे मी ऐकलेले नाही. उलट, हजारो जीव पाठीमागे घेऊन जाणाऱ्या माणसाला एक सोबती मिळाला. हाड मोडायच्या आधी हाडाला आधार देणारी वस्तू वाईट कशी म्हणावी?

आणि माणसाच्या विवेकावर सोडले म्हणजे काय होते तेही आपण पाहिले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी बेल्ट बांधला नव्हता. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवर बेल्ट बांधण्याचा नियम त्याआधी कितीतरी वर्षे पुस्तकात होता. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी तो सर्वांना लागू असल्याचे बजावले, आणि मग काय झाले? बेल्टची घंटा गप्प करणारी एक नुसती क्लिप बाजारात मिळते. खाचेत ती अडकवली की गाडीला वाटते बेल्ट बांधला. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ही विक्री बंद करायला लावली, तेव्हा अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढाव्या लागल्या. स्वतःचाच जीव वाचवणाऱ्या घंटेला पैसे मोजून गप्प करणारे हे लोक अशिक्षित नव्हते, मोटारवाले होते. येथे मी चालकाची, प्रवाशाची बाजू घेणार नाही. स्वतःची गाडी, स्वतःचा वेळ, स्वतःची घाई! अशा माणसाला जबाबदार धरलेच पाहिजे.

पण आपल्या या भागातल्या रस्त्यांवर स्वतःची गाडी स्वतःच्या मर्जीने चालवणारी माणसे किती आणि दुसऱ्याची गाडी दुसऱ्याच्या घड्याळावर चालवणारी किती? शिळफाट्यावर, मुंब्रा बायपासवर, घोडबंदरच्या गायमुख घाटात रात्री उभे राहून पाहावे. भिवंडीच्या गोदामांतून निघालेला ट्रक, जेएनपीटीकडे जाणारा कंटेनर, माल वेळेवर पोचवणारा टेम्पो, कॉल सेंटरची टॅक्सी. हे सारे पगारी हात आहेत. यांच्या बाबतीत ‘वैयक्तिक जबाबदारी’ हा शब्द जपून वापरावा लागतो. ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे त्यालाच पुरी जबाबदारी असते, असे मी मानतो. ज्याने नाही म्हटले तर चावी दुसऱ्याच्या हाती जाते, त्याच्यावर सगळा भार टाकणे म्हणजे प्रेस मशीनचाच न्याय झाला.

स्पीड गव्हर्नरचे उदाहरण घ्या. २०१५ च्या नियमाने व्यापारी वाहनांचा वेग ताशी ८० किलोमीटरवर अडकवण्याची सक्ती झाली. स्कूलबस, डंपर आणि टँकर यांचा ६० वर. यंत्र चांगले आहे. आमच्या युनियनकडे एका वाहतूक कंपनीचे चालक आले होते. कंपनीचे नाव मी घेत नाही. पासिंगच्या दिवशी गव्हर्नर चालू असे. पासिंग झाले की मेकॅनिक त्याची वायर काढी. चालक तक्रार करू लागला तर त्याला सांगत, ट्रिप वेळेत झाली नाही तर भत्ता नाही. पोलिसांनी पकडले की पावती चालकाच्या नावाने फाटे आणि ती रक्कम पगारातून कापली जाई. म्हणजे यंत्र सरकारने बसवले, मालकाने काढले आणि दंड चालकाने भरला. या व्यवस्थेत सक्तीही आहे आणि वैयक्तिक जबाबदारीही आहे. आपल्या विषयातले दोन्ही पक्ष तृप्त व्हावेत इतकी आहे!

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला जे झाले ते आपल्याला ठाऊक आहे. बेस्टसाठी कंत्राटावर चालणारी विजेची बस गर्दीत घुसली, माणसे गेली. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. मी फक्त प्रश्नांचा क्रम सांगतो. पहिल्या दिवशी सगळे एवढेच विचारत होते की बसचा ब्रेक बिघडला की चालक चुकला. लहान डिझेल बस चालवणाऱ्या माणसाच्या हाती क्लच आणि गिअर नसलेली मोठी बस किती दिवस शिकवून दिली, आणि ते कोणी ठरवले, हा प्रश्न मागाहून आला. तो पहिला का नव्हता?

सरकारी अहवालांचाही हाच क्रम असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. बेल्ट न बांधलेली त्यांत १६,७१५ होती आणि हेल्मेट न घातलेली ५०,०२९. मोटारीच्या एअरबॅगांवर आपण जितके बोलतो त्याच्या तिप्पट हेल्मेटवर बोलायला हवे, हे जाता जाता सांगतो. शंभरांतल्या सत्तराहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदले आहे. अतिवेग कोणाच्या घाईमुळे झाला, यासाठी तक्त्यात रकाना नाही. चालक किती तास जागा होता याचाही नाही.

जागरणाबद्दल कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची सुट्टी. फार शहाणा कायदा होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. एक-दोन ट्रकवाल्याचा चालक त्याच्या बाहेर. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रमसंहितेत विरून गेला आहे, आणि त्या संहितेत हा आकडा पाचाचा दहा झाला आहे. इंजिनात नवी नवी यंत्रे भरण्याची सक्ती वाढत असताना, ज्याच्या झोपेचे कायद्याने रक्षण होते अशा चालकांचे वर्तुळ आपण लहान केले. मला वाटते, या सभागृहातल्या फार थोड्यांनी ही बातमी वाचली असेल. मालक मंडळींनी मात्र ती नक्की वाचली आहे.

त्याउलट शिक्षेचे कलम कसे धावून आले ते पाहा. नव्या न्यायसंहितेच्या १०६ व्या कलमात अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. १ जानेवारी २०२४ ला चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि आपल्या पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. पुष्कळ सुशिक्षितांनी तेव्हा मला विचारले, पळून जाणाऱ्याला शिक्षा नको का? हवी. जखमी माणसाला रस्त्यावर टाकून जाणे हे पाप आहे, आणि आमच्या सभेत मी चालकांना हे तोंडावर सांगितले आहे. पण थांबला तर जमाव मारतो, ही भीतीही खोटी नाही. संहिता १ जुलै २०२४ ला अमलात आली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. मोठ्या बसगाड्या आणि ट्रक यांत चालकाचे पेंगणे ओळखणारे यंत्र बसवावे असा मसुदा केंद्र सरकारने २०२५ मध्ये काढला. काही कंपन्यांच्या गाड्यांत असे कॅमेरे आजच आहेत. डोळा मिटू लागला की आवाज होतो आणि त्याची नोंद दूर कोठे तरी जाते. ट्रकच्या केबिनमध्ये एअरकंडिशनर असलाच पाहिजे, हा नियमही २०२५ च्या ऑक्टोबरपासून नव्या ट्रकांना लागू झाला, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवस काढलेल्या प्रत्येक चालकाने त्याचे स्वागत केले. पेंगणे ओळखणाऱ्या यंत्राचेही आम्ही स्वागत करतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ती नोंद कोणाच्या विरुद्ध वापरायची. रात्री तीन वाजता यंत्राने सांगितले की हा माणूस झोपतो आहे. सकाळी त्याला मेमो मिळतो. पण त्याच नोंदीत हेही लिहिलेले असते की हा माणूस आदल्या दिवशी सकाळी अकरापासून गाडीवर आहे. त्याला त्या वेळी गाडीवर बसवणाऱ्याला मेमो कोण देणार?

भिवंडीच्या एका वाहतूक कंपनीशी आमची बोलणी चालू आहेत. मागण्यांत आम्ही एक कलम घातले आहे : यंत्राने दोनदा इशारा दिला की चालकाने सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी, चार तास झोपावे, त्याबद्दल भत्ता कापू नये, आणि माल उशिरा पोचल्याचा जाब ट्रिप लावणाऱ्या अधिकाऱ्याने द्यावा. पगारवाढीच्या कलमावर त्यांनी तासाभरात आकडा सांगितला. या कलमावर तीन बैठका झाल्या. गाडी उभी करायला ते तयार आहेत. चार तासांचे दोन करा म्हणतात. आणि शेवटचे वाक्य तेवढे खोडा म्हणतात. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे, आणि ते वाक्य अजून कागदावर आहे.