मनाचा शोध घेणारी पदवी

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत एकच प्रश्न घुमू लागतो : डॉक्टर की इंजिनिअर? या दोन राजमार्गांच्या मधून जाणारी एक वाट आहे. तिचे नाव मेंदूविज्ञान, अर्थात न्यूरोसायन्स. मन, बुद्धी, स्मृती, निद्रा आणि चित्तवृत्ती यांचे चिंतन ज्या भूमीत उपनिषदांपासून योगसूत्रांपर्यंत चालत आले, त्या भूमीतील तरुणांना या शास्त्राची ओळख बहुधा पदवी हाती पडल्यानंतरच होते. हे चित्र बदलले पाहिजे.

अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयाने पदवीपूर्व स्तरावर मेंदूविज्ञानाचा अभ्यासक्रम १९७३ साली सुरू केला. आज तेथील अनेक विद्यापीठांत अठरा वर्षांचा मुलगा थेट या विषयात प्रवेश घेऊ शकतो. भारतात मात्र बारावीनंतर या नावाची स्वतंत्र पदवी देणारी दारे थोडीच आहेत. हरियाणात मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभे आहे. २००३ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था तर जगभर ख्यातकीर्त आहे. शिखरे आहेत, पायथ्यापासून वर जाणारी पायवाट अरुंद आहे.

या पदवीत शिकावयाचे तरी काय? मानवी मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांचे परस्परसंभाषण वीज आणि रसायने यांच्या भाषेत चालते. माकूळ या समुद्री जीवाच्या जाड मज्जातंतूतून विद्युत्संदेश कसा धावतो, हे हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ साली गणिती समीकरणांत बांधून दाखविले व त्यासाठी त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणित टाळता येणार नाही आणि गणिताच्या विद्यार्थ्याला पेशीकडे पाठ फिरविता येणार नाही. पदार्थविज्ञान, रसायन, संख्याशास्त्र, संगणक आणि मानसशास्त्र या साऱ्यांचा येथे संगम आहे. दहावीनंतर ‘गणित गट’ आणि ‘जीवशास्त्र गट’ अशी जी भिंत आपण उभारतो, तीच या मार्गातील पहिली धोंड ठरते.

सज्जनहो, परंपरेचा अभिमान आणि शास्त्राची कठोरता यांचे नाते कसे असावे, याचा एक वस्तुपाठ आपल्याच देशात घडलेला आहे. लाहोर येथे वैद्यकशास्त्र शिकलेले डॉ. बलदेव कुमार आनंद यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्यासमवेत, भुकेचे नियंत्रण करणारे केंद्र मेंदूत कोठे आहे हे १९५१ साली दाखवून दिले. मायदेशी परतल्यावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभारला. तेथे छिना आणि डॉ. बलदेव सिंग या सहकाऱ्यांसह त्यांनी योगसाधकांच्या मस्तकाला तारा जोडून मेंदूतील विद्युत्लहरींची नोंद घेतली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधात चार योग्यांचे निरीक्षण आहे. प्रखर प्रकाश, मोठा आवाज, तप्त काचनळीचा स्पर्श यांनी एरवी मोडणाऱ्या ‘अल्फा’ लहरी ध्यानावस्थेत अविचल राहिल्या.

हा भाग अनेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग मात्र सांगितला जात नाही. त्याच १९६१ साली वेंगर आणि बागची या संशोधकांसमवेत आनंद यांनी, हृदय इच्छेनुसार थांबविण्याच्या दाव्याची परीक्षा प्रसिद्ध केली. श्वास रोखून आणि स्नायू आवळून मनगटाची नाडी लागेनाशी होते, छातीतील ठोके ऐकू येईनासे होतात. पण विद्युत्आलेखावर हृदय धडधडतच होते! जे आढळले ते सांगितले आणि जे आढळले नाही तेही सांगितले. आनंद यांच्या ‘हो’ला जगात मोल आले, कारण त्यांनी ‘नाही’ही तितक्याच निःसंकोचपणे लिहिले. योगाचा यामुळे काही अवमान झाला काय? उलट त्याची प्रतिष्ठा वाढली. ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. चार योग्यांवरून किती निष्कर्ष काढता येतो, हा प्रश्न विचारणे अवघड आहे. मेंदूविज्ञानाची पदवी हा अवघड प्रश्न विचारावयास शिकविते.

भारताच्या मातीतूनच उगवणारे प्रश्नही पुष्कळ आहेत. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आला आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. घरात एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणाऱ्या या देशाला असा प्रश्न सुचावा, हे स्वाभाविक होते. असे शेकडो प्रश्न अजून उत्तरांची वाट पाहत आहेत.

पालकांनी मात्र काही गोष्टी स्पष्ट जाणून घ्याव्यात. ही पदवी रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना नव्हे. मेंदूविकारतज्ज्ञ व्हावयाचे असेल तर एमबीबीएसपासून पुढचाच मार्ग धरावा लागतो. संशोधक होण्यासाठी पदवीनंतर पीएच.डी.पर्यंतची दीर्घ साधना अटळ आहे आणि त्या काळात हाती पडते ती शिष्यवृत्ती, भरघोस वेतन नव्हे. ज्याला लवकर स्थिरस्थावर व्हावयाचे आहे, त्याने हे आधीच तोलून पाहावे.

तरीही वाट बंद नाही. पुण्याच्या आयसरमध्ये किंवा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या, २०११ साली सुरू झालेल्या चार वर्षांच्या पदवीत विविध विज्ञानांचा एकत्र पाया घालता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विषयांच्या भिंती ओलांडण्याची मुभा दिली आहे. आपापल्या गावातील महाविद्यालयांनी जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि संगणक हे विभाग एकत्र आणून या विषयाचा निदान एक पाठ्यक्रम सुरू करावा, असा आग्रह संस्थाचालक आणि माजी विद्यार्थ्यांनी धरला पाहिजे. धनिकांनी सभागृहाच्या कमानीऐवजी एखाद्या प्रयोगशाळेला देणगी द्यावी. आणि ज्या घरातील मुलगा वा मुलगी ‘आपल्याला स्वप्न का पडते?’ असे विचारते, त्या घराने तिला गप्प बसवू नये. तिच्या हाती गणिताचे आणि जीवशास्त्राचे, अशी दोन्ही पुस्तके द्यावीत.