फोटो काढता, तेव्हा

(पाडाभेटीला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या बैठकीतील भाषण)



प्रत्येक भेटीनंतर कोणीतरी विचारतंच, "भाऊ, माझेच फोटो धुरकट का येतात?" भिंग पुसा. फोन दिवसभर हातात नि खिशात असतो, बोटांचा तेलकटपणा भिंगावर बसतो. सुती रुमाल पुरे.

दुसरी तक्रार, चेहरे काळे येतात. कुडाच्या घरात उजेड फक्त दारातून येतो आणि माणूस नेमका दाराकडे पाठ करून बसलेला असतो. फोन बाहेरच्या उन्हाचा अंदाज घेतो, चेहरा अंधारात जातो. त्यांना दाराकडे तोंड करून बसायला सांगा, आणि पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. साध्या फोनमध्ये झूम करू नका, चित्राचा तुकडा ताणला जातो इतकंच. जवळ जा. जवळ जायचं तर दोन शब्द बोलावे लागतात, तेही बरंच.

अंकासाठी फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊन येतो. चार इंच रुंद छापायला साधारण १२०० ठिपक्यांची रुंदी लागते. पण एक ध्यानात ठेवा. असा पाठवलेला फोटो आपल्यासोबत जागेची नोंदही नेऊ शकतो. मुलींच्या वसतिगृहाचं ठिकाण असं हातोहात फिरायला नको. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करा.

"मुलांचे फोटो छापावेत का?" काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ मनाई करतं. आपल्याकडची सगळीच मुलं त्यात मोडत नाहीत, काही मोडतात. शंका असेल तर छापू नका. बाकीच्यांच्या आईबापांना विचारा, आणि फोटो कुठे जाणार तेही सांगा.

हे मी चुकून शिकलो. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मी एका कुपोषित बाळाचा फोटो काढला होता. आई चुलीपाशी होती. मी फोन दाखवला, तिने मान हलवली. मी ती परवानगी समजलो. फोटो पत्रकात छापला, देणग्याही आल्या. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याने तो कागद वीटभट्टीवर कोणाच्या तरी हातात पाहिला. मी पुन्हा गेलो तेव्हा पोरगं अंगणात कोंबडीमागे धावत होतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, बरा झाल्यावर नाय काढलास."

मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी तिला विचारून त्याचा फोटो काढला, सकाळच्या उन्हात, तिच्या कडेवर. तो कुठेच छापला नाही. दोन प्रती काढून पुढच्या भेटीत नेऊन दिल्या. एक तिने पत्र्याच्या पेटीत ठेवली. दुसरी भिंतीला लावायला माझ्याकडे चिकटपट्टी मागितली, ती नेमकी मी नेली नव्हती.