एक छेद की पाच? वजन घटविणाऱ्या शस्त्रक्रियेची सुरक्षितता आणि फलित

(व्याख्यानाचा मजकूर)



राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) उत्तर प्रदेशातील 15 ते 49 वयोगटातील 25.3 टक्के स्त्रिया कृश, तर 16.5 टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा लठ्ठ आढळल्या होत्या. पाचव्या फेरीत (2019-21) हे प्रमाण अनुक्रमे 19 आणि 21.3 टक्के झाले. म्हणजे क्रमच उलटला. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील 39.7 टक्के बालके खुरटलेली होती. लखनौच्या मोठ्या रुग्णालयांत गोंडा, बहराइच, सीतापूर, हरदोई येथून रुग्ण येतात. कुपोषण आणि अतिपोषण असे दोन्ही भार एकाच आरोग्यव्यवस्थेवर पडणे म्हणजे काय, हे तेथे स्पष्ट दिसते. अशा ठिकाणी लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा विचार केवळ वैद्यकीय राहत नाही. मर्यादित साधनसंपत्ती कशावर खर्च करावी, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न तेथे उभा राहतो.

या शस्त्रक्रियांपैकी आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकला जातो आणि उरलेले जठर अरुंद नळीसारखे होते. अन्न कमी मावते, तसेच भुकेची जाणीव देणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाणही घटते. दुर्बिणीच्या साहाय्याने ती करताना पोटावर साधारणतः चार-पाच लहान छिद्रे पाडतात. 2008 च्या सुमारास काही शल्यविशारदांनी ही सारी उपकरणे बेंबीतील तीन-चार सेंटिमीटरच्या एकाच छेदातून आत नेण्यास सुरुवात केली. व्रण बेंबीच्या घडीत लपतो, हे या पद्धतीचे मुख्य आकर्षण.

अडचण भूमितीची आहे. नेहमीच्या पद्धतीत दुर्बीण आणि दोन्ही हातांची उपकरणे वेगवेगळ्या दिशांनी येऊन त्रिकोण साधतात. एकाच छेदातून ती जवळजवळ समांतर जातात आणि परस्परांवर आदळतात. स्थूल व्यक्तीत बेंबी जठराच्या वरच्या टोकापासून दूर असते, यकृत मोठे असते. आणि जठराला लावलेल्या टाक्यांच्या रेषेतून गळती होण्याचा धोका नेमका त्या वरच्या टोकाशी अधिक असतो. म्हणूनच पुष्कळदा यकृत उचलून धरण्यासाठी आणखी एक बारीक छिद्र पाडावे लागते. वाकडी उपकरणे, खास प्रवेशनळी आणि शस्त्रक्रियागृहातील जादा वेळ यांचा खर्च निराळाच.

निष्कर्ष काय सांगतात? मुंबईत डॉ. मुफझ्झल लकडावाला आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून दोन्ही पद्धतींची तुलना केली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्राथमिक अभ्यासात वजनातील घट दोन्ही गटांत सारखीच होती. एकछेदी गटात वेदना काहीशा कमी आणि व्रणाबद्दलचे समाधान अधिक होते. मात्र रुग्णसंख्या लहान होती. इतर अनेक अहवालांत तर अशी विभागणीच नसते. फार स्थूल, फार उंच किंवा पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आधीच वगळले जातात आणि मग निष्पत्ती उत्तम दिसते. अर्थमितीच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला निवडीचा दोष तो हाच.

छेद मोठा असल्याने त्या जागी पुढे हर्निया होण्याची शक्यता, ही दुसरी शंका. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवरील 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीत वर्षभरानंतर एकछेदी गटात 8.4 टक्के, तर नेहमीच्या गटात 1.2 टक्के रुग्णांना हर्निया आढळला. पित्ताशयावरून जठराचा निष्कर्ष सरळ काढता येत नाही, हे खरे. परंतु स्थूलता हेच हर्नियाचे एक प्रमुख कारण असल्याने हा आकडा दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

सुरक्षितता मुख्यत्वे हातांवर अवलंबून असते, असे दर्शविणारा एक मार्मिक अभ्यास अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वीस शल्यविशारदांच्या चित्रफिती त्यांची नावे न कळविता समव्यावसायिकांना दाखवून कौशल्याचे गुण घेण्यात आले. सर्वात कमी गुण मिळालेल्या चौथाई गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण 14.5 टक्के, तर सर्वात वरच्या चौथाई गटात 5.2 टक्के होते. छिद्रांच्या संख्येने एवढा फरक पडल्याचे कोणी दाखविलेले नाही.

मग बाजारात जाहिरात छिद्राची का होते? केनेथ ॲरो यांनी 1963 मध्ये आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधात याचे उत्तर दिले आहे: विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते. टाक्यांची रेषा रुग्णाला दिसत नाही, व्रण दिसतो. साहजिकच स्पर्धा दिसणाऱ्या गुणावर होते. तरुण रुग्णाला व्रणाचे शल्य खरे असते, त्याला क्षुल्लक म्हणणे योग्य नव्हे. पण त्याची किंमत कोणत्या जोखमीत मोजली जाते, हे त्याला आधी सांगितले गेले पाहिजे.

शस्त्रक्रियेचा लाभ मात्र निर्विवाद आहे. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासाच्या 2007 मधील अहवालानुसार शस्त्रक्रिया झालेल्या 2,010 व्यक्तींपैकी 101, तर न झालेल्या 2,037 पैकी 129 व्यक्तींचा पाठपुराव्याच्या काळात मृत्यू झाला. भारतात विमा नियामकाने 2019 मध्ये घातलेल्या अटींनुसार 18 वर्षांवरील व्यक्तीचा शरीरभार निर्देशांक 40 वा अधिक असल्यास, किंवा 35 वा अधिक असून अनियंत्रित मधुमेहासारखी गंभीर व्याधी असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली ही शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही. आशियाई शरीरयष्टीत मधुमेह कमी वजनावरच गाठतो, म्हणून 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय खुला केला. विम्याची अट आणि वैद्यकाची शिफारस यांतील हे अंतर पुष्कळ रुग्णांना खिशातून भरून काढावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर प्रथिने, लोह, ब-12 आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी व पूरके आयुष्यभर लागतात. उत्तर प्रदेशात सुमारे निम्म्या स्त्रिया मुळातच रक्तक्षयी आहेत. बहराइचहून सव्वाशे किलोमीटर प्रवास करून लखनौला शस्त्रक्रियेसाठी आलेली स्त्री वर्षातून दोनदा रक्ततपासणीसाठी पुन्हा येईल, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. जिल्हा रुग्णालयात ती तपासणी झाली, तर फलित टिकेल. तिचा खर्चही खास प्रवेशनळीहून फार कमी.

येथे एक ऐतिहासिक दाखला देण्याजोगा आहे. भारतातील दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये केली, ती मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. श्रीमंतांची चैन म्हणून या तंत्राची हेटाळणी झाली होती. कष्टकऱ्याला लवकर कामावर परतता येते, त्याची मजुरी बुडत नाही, हा उडवाडिया यांचा युक्तिवाद होता, आणि पाच छिद्रांच्या पद्धतीला तो पूर्णपणे लागू पडतो. पाचांचे एक केल्याने मजुरीचे किती दिवस वाचतात, हे दाखविणारा पुरावा एकछेदी पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप मांडावयाचा आहे.