नळाचे पाणी, मोटारीचे बिल आणि आपली पाणीपट्टी



आज आपण पाणीपट्टीबद्दल बोलणार आहोत. पाणीपट्टी म्हटले की आपल्याला वाटते, हा घरातल्या माणसांचा आणि ग्रामपंचायतीचा व्यवहार, त्यात आपले काय? पण नळ बंद पडला की गुंड घेऊन नाल्यावर कोण जाते? आपणच जातो. म्हणून हा हिशेब आपल्याला कळायला हवा.

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झाले. माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने घरात यावे, असे त्यात ठरले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. हेच पाणी पंधरा लिटरच्या गुंडाने आणायचे म्हटले, तर रोजच्या अठरा-एकोणीस खेपा होतात. मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, पहाटे जंगलात जायचे, दुपारी पुडे बांधायला बसायचे आणि मधल्या वेळात या खेपा करायच्या. हे आपण सगळ्यांनी केले आहे. नळाने वाचवला तो हा त्रास.

योजना झाली, टाकी उभी राहिली, अंगणात तोटी आली. योजना उभारायला सरकारचा पैसा आला. पण रोज पाणी चढवायचे तर रोजचा खर्च येतो, आणि तो मुख्यतः गावाने चालवायचा असतो. असे चित्र तुम्हीही पाहिले असेल: पाणीपट्टी थकते, त्यामुळे मोटारीचे वीजबिल थकते, एक दिवस वीज कापली जाते आणि टाकी कोरडी पडते. मग ज्या घराने वेळेवर पैसे भरले त्यालाही पाणी नाही आणि ज्याने भरले नाहीत त्यालाही नाही.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. समजा, गावात १५० नळ आहेत. महिन्याला मोटारीचे वीजबिल ६,००० रुपये. पाणी सोडणाऱ्या माणसाचे मानधन ४,००० रुपये. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचे ५०० रुपये. मोटार जळली, पाइप फुटला, तर त्यासाठी बाजूला ठेवायचे २,००० रुपये. एकूण झाले १२,५०० रुपये. वर्षाचे दीड लाख. १५० नळांत वाटले तर एका नळाला वर्षाला १,००० रुपये, म्हणजे दिवसाला तीन रुपयांच्याही आत.

आता समजा १५० पैकी ९० घरांनीच पैसे भरले. जमा झाले ९०,००० आणि तूट आली ६०,००० रुपयांची. म्हणजे मोटारीचे दहा महिन्यांचे बिल. गावाचा नळ का बंद पडतो, याचे उत्तर बरेचदा एवढ्या साध्या हिशेबात असते.

पण बहिणींनो, म्हणून मी तुम्हाला फक्त 'पैसे भरा' असे सांगायला आलेली नाही. पैसे भरायचे आणि हिशेबही विचारायचा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे पाणीपट्टी ठरवण्याचा व वसूल करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. कराची पावती घरी आली की ती ट्रंकेत टाकू नका, वाचा. घरात कोणाला वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या. त्यावर घरकर, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीकर, विशेष पाणीकर असे वेगवेगळे रकाने दिसतील. गावातल्या सार्वजनिक पाण्याच्या सोयीसाठी सामान्य पाणीकर असतो, घरात खासगी नळ असेल तर विशेष पाणीकर. आणि आरोग्य कर म्हणजे दवाखान्याची फी नव्हे. तो गावच्या साफसफाईसाठी असतो. तेव्हा नाली तुंबली असेल तर 'आम्ही आरोग्य कर भरतो' असे सांगून ती साफ करून मागता येते.

कराशिवाय गावाला वित्त आयोगाचा निधीही येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतीच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. तो कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे.

विचारायचे कुठे, तर त्यासाठी दोन जागा आहेत. एक, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिच्यात निम्म्या बायका असाव्या लागतात. कागदावर आपलेच नाव असेल आणि आपल्याला माहीतही नसेल, असे होऊ देऊ नका. दुसरी जागा ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. महिला सभेत आपण आपसात बोलून मुद्दा पक्का केला, की ग्रामसभेत एकटीला उभे राहायची भीती वाटत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने वर्षानुवर्षे हेच दाखवले. तिथे सगळे एकत्र बसून, सगळ्यांचे मत जुळल्यावर निर्णय घेतात. पाण्याचा निर्णयही तसा घेता येतो.

ग्रामसभेत एक गोष्ट जरूर मांडा. आपल्याकडे दर महिन्याला हातात पैसा नसतो. तेंदू आणि मोहाचा पैसा उन्हाळ्यात येतो, धानाचा दिवाळीनंतर. मग पाणीपट्टीचे दोन हप्ते त्याच वेळी का ठेवू नयेत? एकट्या राहणाऱ्या म्हातारीला किंवा विधवेला भरणे जड जात असेल तर काय करायचे, तेही सगळ्यांसमोर ठरवा. कोणाला सूट दिली आणि तो भार कोणी उचलला, हे उघड असले की 'तो भरत नाही तर मी का भरू' हे भांडण उरत नाही.

काही टोल्यांवर वीज नाही, तिथे हातपंपाच्या बोअरवर सौर पंप बसवून छोटी टाकी दिली आहे. तिथे वीजबिल येत नाही, म्हणून खर्चच नाही असे समजू नका. सौर पाट्या पुसाव्या लागतात, टाकी धुवावी लागते, तोट्या बदलाव्या लागतात. अशा टोल्यावर बचत गटाने घरटी थोडी रक्कम जमवून वेगळी वही ठेवली, तर दुरुस्तीसाठी महिनोन् महिने वाट पाहावी लागत नाही.

आता दुसरी बाजू. पाणी घरात आले की ते बाहेरही जाणार. २७५ लिटरपैकी पिण्याचे आणि रांधायचे सोडले, तर बाकीचे जवळजवळ सगळे मोरीतून बाहेर पडते. ते दारात साचले की क्यूलेक्स डास वाढतात, आणि हा डास हत्तीपाय पसरवतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हत्तीपायाच्या गोळ्या घरोघरी का वाटतात, हे आता लक्षात आले असेल.

यावर नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने मार्ग काढला. हिमायतनगर तालुक्यातले हे गाव. घराघरांत शोषखड्डे केले, उघड्या नाल्यांतले पाणी थांबले आणि डास हटले. ते पाहून जिल्ह्यातल्या अनेक गावांनी तसेच केले. शोषखड्ड्याचे काम रोजगार हमीतून घेता येते, म्हणजे मजुरीही मिळते. मात्र खड्डा विहीर आणि हातपंपापासून दूर हवा, आणि संडासाचे पाणी त्यात सोडायचे नाही. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. मूल-सिंदेवाहीकडे पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते. तिथे खड्ड्यापेक्षा परसबागेत वांगी, केळी, पपईला हे पाणी देणे बरे.

तर बहिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न लिहून घ्या. आपल्या योजनेचा महिन्याचा खर्च किती? किती घरांची पट्टी जमा होते? समितीत आपल्यापैकी कोण आहे? उत्तरे ग्रामपंचायतीतून लेखी मागा आणि महिला सभेत वाचून दाखवा. बचत गटाची वही आपण पैशा-पैशाने जुळवतो. गावच्या पाण्याची वहीही आपल्याला वाचता येईल.