आवाजाची ओळख आणि घरची माणसे



रात्री दारावर थाप पडते. आतून विचारणा होते, "कोण?" बाहेरून उत्तर येते, "मी." एवढ्यावर कडी निघते. 'मी' म्हणजे कोण, हे त्या शब्दात मुळीच नसते. ते आवाजात असते. घशाची ठेवण, तोंडाची पोकळी, बोलण्याची ढब यांमुळे एकाचा आवाज दुसऱ्यासारखा होत नाही. मोठ्या पुरुषाच्या गळ्यातील तंतू सेकंदाला सुमारे 120 वेळा कंप पावतात, स्त्रीच्या सुमारे 200 वेळा, आणि लहान मुलाच्या त्याहूनही अधिक. ही ओळख आता एका लहानशा यंत्रालाही शिकवता येते. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

या यंत्राला स्मार्ट स्पीकर म्हणतात. ॲमेझॉन कंपनीने ते 2014 साली अमेरिकेत विक्रीला आणले, गूगलचे 2016 साली आले. आपल्या देशात ती अनुक्रमे 2017 आणि 2018 साली पोहोचली. रेडिओ आपल्या ओळखीचा. 1927 साली मुंबईचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून तो सर्वांना एकच गोष्ट सांगत आला. त्याला तोंड आहे, कान नाही. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने खेड्यांत श्रोतामंडळे स्थापली, आणि श्रोत्यांचे प्रश्न केंद्राकडे येऊ लागले. पण ते ऐकणारी माणसेच होती. या नव्या डब्याला मात्र स्वतःचा कान आहे. हाक मारली की तो जागा होतो आणि सांगितलेले काम करतो.

पण हाक कोणाची? 2017 च्या जानेवारीतली गोष्ट ऐका. डॅलस शहरातील एका लहान मुलीने अशा यंत्राशी बोलता बोलता बाहुलीचे घर मागवले, आणि ते खरोखरच घरी आले! सॅन डिएगोच्या दूरचित्रवाणीवर ही बातमी सांगताना निवेदकाने तिचे शब्द उच्चारले. तेवढ्याने कित्येक प्रेक्षकांच्या घरची यंत्रे जागी झाली आणि तीही बाहुलीचे घर मागवू पाहू लागली, अशा तक्रारी केंद्राकडे आल्या. यंत्राने शब्द बरोबर ऐकले होते. माणूस मात्र ओळखला नव्हता. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये गूगलने एका यंत्रावर सहा जणांपर्यंत आवाज नोंदवण्याची सोय केली, आणि ऑक्टोबरात अलेक्सावरही तशी सोय झाली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. 'काय बोलले' हे समजणे वेगळे, आणि 'कोण बोलले' हे ओळखणे वेगळे. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगात एकाच घरात आजी कानडीत बोलते, सून मराठीत, आणि नातवंडे शाळेतले इंग्रजी घोकतात. अलेक्साला हिंदी 2019 साली आले. गूगलने मराठी 2018 साली आणले, ते फोनवरच्या सहाय्यकात. म्हणजे आजीचा प्रश्न कदाचित यंत्राला कळणार नाही. पण आजी कोण, हे मात्र त्याला तिच्या हाकेवरून कळू शकेल. ओळख आवाजाची असते, भाषेची नव्हे.

आता कृती सांगतो. गूगलचे यंत्र असेल तर ज्याच्या नावावर ते आहे, त्याने फोनवरील 'गूगल होम' या ॲपमधून घरच्या दुसऱ्या माणसाला सभासद म्हणून बोलवावे. मग त्या माणसाने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यातून, 'व्हॉइस मॅच' उघडून सांगितलेली वाक्ये म्हणावीत. अलेक्सात यालाच 'व्हॉइस आयडी' म्हणतात. वाक्ये म्हणताना खोलीत दूरदर्शन, पंखा, गिरणी यांचा गोंगाट नसावा. घसा बसला असेल त्या दिवशी हे करू नये. नेहमी बोलतो तसेच बोलावे. भाषण केल्यासारखे नको. मुलगा वयात येताना त्याचा आवाज फुटतो. तेव्हा नोंद पुन्हा करावी. ज्याची नोंद नाही, तो यंत्राच्या लेखी पाहुणा. त्याला हवा-पाणी, गाणी मिळतील. पण स्वतःच्या गोळ्या-औषधांची आठवण किंवा स्वतःचे निरोप मिळणार नाहीत.

म्हणूनच मला घरच्या कर्त्या माणसाला सांगावेसे वाटते. बहुतेक घरांत यंत्र कोणी आणतो? शिकलेला मुलगा. आवाज कोणाचा नोंदतो? स्वतःचा. आणि जिला अक्षर वाचता येत नाही, त्या आजीला या बोलत्या यंत्राची खरी गरज, तीच पाहुणी ठरते! सातबाऱ्यावर बाईचे नाव लागायला आपल्याकडे किती काळ जावा लागला, हे आपण जाणतो. निदान या नव्या वहीत तरी घरातल्या बायामाणसांची नावे पहिल्या दिवशीच लागावीत.

याची दुसरी बाजूही आहे. आवाज ही ओळख आहे, कुलूप नव्हे. 2017 सालीच बीबीसीच्या एका वार्ताहराच्या जुळ्या भावाने आवाजाची नक्कल करून एका बँकेची आवाजाची चौकी ओलांडली. आवाज सारखा असेल किंवा ध्वनिमुद्रित असेल, तर यंत्र फसू शकते. गूगल स्वतःच तसा इशारा देते. आता तर थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून माणसाचा हुबेहूब आवाज बनवता येतो. तेव्हा खरेदीची परवानगी बंद ठेवावी, किंवा तिला अंकांची खूण लावावी. खूण पोरांसमोर मोठ्याने बोलू नये, हे सांगायला नकोच. यंत्रावर कान बंद करण्याची कळ असते, ती घरात सर्वांना ठाऊक असावी. साठलेली ध्वनिमुद्रणे ॲपमधून पुसता येतात, तीही अधूनमधून पुसावीत. आणि मुलाच्या आवाजात फोन आला, "बाबा, पैसे पाठवा", तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण उलट फोन करावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात असे यंत्र आणलेत तर कौतुकच आहे. ध्वनीचा धडा त्यावरून फार छान शिकवता येईल. परंतु मुलांचे आवाज त्यात नोंदवू नका. आवाज ही मुलाची स्वतःची वस्तू आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पालकांची सभा भरेल तेव्हा हा विषय जरूर काढा.

यंत्र घरी आणायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आणलेच, तर पहिल्या संध्याकाळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. कोणाचा आवाज नोंदवायचा, कोणाला नको आहे, खरेदीचा अधिकार कोणाला, हे चारचौघांत बोलून ठरवावे. "मला नको" असे म्हणणाऱ्याचेही ऐकावे. यंत्राने आपला आवाज ओळखण्याआधी घरातल्यांनी एकमेकांचा ऐकलेला असला, म्हणजे पुढचे पुष्कळसे प्रश्न उरत नाहीत.