पाय गमावलेला साथी आणि त्याचे घर

(मदन महल येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



आपल्या सभेत नेहमी महागाई भत्ता, ओव्हरटाइम, क्वार्टर यांवर चर्चा होते. आज घरच्या मंडळींना मुद्दाम बोलावले आहे, कारण आजचा विषय अर्धा ऑफिसातला आणि अर्धा घरातला आहे. शंटिंग करताना, रुळांवर काम करताना किंवा मधुमेहामुळे गँगरीन होऊन ज्याचा पाय कापावा लागतो, त्या साथीला पुन्हा उभे कसे करायचे, हा तो विषय.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर माणूस पहिला प्रश्न विचारतो, "आता नोकरीचे काय?" म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. पाय गेला म्हणून नोकरी जात नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमाने हे संरक्षण दिले. एसएसबीमधल्या कुणाल सिंग या शिपायाचा पाय गँगरीनमुळे कापावा लागला आणि त्याला नोकरीतून काढले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००३ साली जिंकला. आता २०१६ चा कायदा आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तशी जागा रिकामी नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा जागा, म्हणजे सुपरन्युमररी पोस्ट, ठेवायची. रेल्वेत यालाच आपण 'मेडिकल डिकॅटेगराइज' होणे म्हणतो. रनिंग स्टाफच्या साथीला बसून करायचे काम दिले, तर वेतननिश्चितीत मूळ पगाराचे ३० टक्के धरले जातात. हे हक्क आहेत, कोणाची मेहेरबानी नव्हे.

आता घराकडे वळू. पहिले काही महिने सर्वांत महत्त्वाचे असतात. उरलेल्या भागाला सूज असते. इस्पितळात शिकवतात त्याप्रमाणे क्रेप बँडेज बांधावे लागते. ते घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावे. आराम वाटावा म्हणून मायेने त्या पायाखाली उशी ठेवली जाते. ती ठेवू नका. सांधा वाकलेल्या स्थितीत आखडला, तर पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसातून थोडा वेळ पालथे झोपवावे. जखम भरल्यावर कातडी रोज धुऊन कोरडी करावी आणि लालसर डाग पडला आहे का हे आरसा धरून पाहावे. मधुमेह असेल तर दुसरा पायही रोज तपासावा. तोच आता आधार आहे.

दुसरी गोष्ट ऐकून घरचे घाबरतात. रात्री तो म्हणतो, "बोटे दुखताहेत," आणि बोटे तर नाहीत! त्याला वेड लागलेले नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्या पायाची जागा शिल्लक असते. मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशासमोर करायचा व्यायाम अशा दुखण्यासाठी पुढे आणला. औषधेही आहेत. त्याला गप्प करू नका, डॉक्टरांना सांगा.

कृत्रिम पायाची सोय दूर नाही. जयपूर फूट १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तयार केला. कानपूरच्या एलिम्को या सरकारी कारखान्याचे एक उत्पादन केंद्र आपल्या जबलपुरातच आहे. उरलेला भाग पुढे बारीक होतो, म्हणून सॉकेट पुन्हा बदलावे लागते. पाय ढिला झाला की तो कोपऱ्यात टाकू नका, केंद्रावर न्या.

पण साथींनो, सर्वांत नाजूक गोष्ट वेगळीच आहे. पाय गेला की घरातला त्याचा कारभारही जातो. पगाराचे पैसे मुलगा काढतो, मुलीच्या स्थळाची बोलणी काका करतात, पाहुणे आले तर यांना आतल्या खोलीत बसवतात. प्रेमापोटी सगळे होते, पण माणूस घरातल्या घरात पाहुणा होतो. भगिनींनो, तुमचे कष्ट आम्हाला दिसतात. तरीही सांगतो, त्याला पाणी हातात देण्याआधी विचारा, "अहो, तुम्ही घेता का?" घ्यायला दहा मिनिटे लागली तरी लागू द्या. भाजी निवडणे, वीजबिल, मुलांचा अभ्यास, जे जमेल ते त्याच्याकडे असू द्या.

आणि एक कटू बोलतो. अंशतः अपात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर काही अटींवर घरातल्या एकाला नोकरीसाठी अर्ज करता येतो. त्यामुळे टाके सुकायच्या आत घरात सुरू होते, "तुम्ही बसा आता, पोराला लावू." पोराची बेकारी खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तरतुदीत शब्द 'स्वेच्छा' आहे. तो कृत्रिम पायावर चालू लागण्याआधी, नवे काम पाहण्याआधी, त्याच्याकडून सही घेऊ नका. पुढे त्याने शांत डोक्याने ठरवले तर युनियन त्याचा अर्ज घेऊन जाईल. नाही म्हणाला, तर घरात त्याला दोष देऊ नका.

मुंबईची मोनिका मोरे आठवा. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला फलाट आणि गाडीच्या मधल्या पोकळीत पडून या सोळा वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात गेले. कृत्रिम हातांनी ती जगली आणि ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईत तिच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. मधली साडेसहा वर्षे बातमीत थोडी येतात, पण घरच्यांना ती एकेक दिवस करून काढावी लागतात. म्हणून घरच्यांनाही विश्रांती हवी.

त्यासाठी शाखेने तीन कामे अंगावर घ्यावीत. पहिले, इस्पितळात पाळीपाळीने बसायचे, म्हणजे वहिनींना झोप मिळेल. दुसरे, स्क्रीनिंग कमिटीपुढे साथी एकटा जाणार नाही, त्याच्याबरोबर आपला प्रतिनिधी असेल. तिसरे, तो नव्या कामावर रुजू होईल त्या दिवशी गँगमधले, यार्डातले जुने सोबती त्याला भेटायला जातील. कामाची जागा बदलली तरी तो आपलाच आहे, हे त्याला कळले पाहिजे.

हे आजच्या मेळाव्याने एकमताने ठरवावे, अशी विनंती करून माझे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!